चीज शिकायचंय? आधी स्वतःचं दूध शिका: छोट्या दूध उत्पादकांसाठी प्रशिक्षणाची पायरीपायरीने वाट

दुधाचा दर पडला की एक प्रश्न हमखास वर येतो: "चीज बनवायला शिकायचंय, कोर्स कुठे आहे?" दर सावरला की प्रश्नही थंडावतो. ज्यांचा थंडावत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. म्हणजे दिवसाला वीस लिटरपासून दोनशे लिटरपर्यंत दूध असलेलं कुटुंब, दोन-चार गोठे एकत्र करणारे शेजारी किंवा दुधावर प्रक्रिया करू पाहणारा बचत गट.

संस्थांची नावं पुढे आहेतच. पण शिकण्याचा क्रम चुकला तर प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि चीज मात्र घरी जमत नाही. प्रशिक्षणाच्या प्लांटमध्ये दूध तपासलेलं, थंड केलेलं, फॅट जुळवलेलं येतं. तुमच्या गोठ्यात ते कासेतून येतं. मधलं अंतर कोणताही पाच दिवसांचा कोर्स भरून काढत नाही, ते आधी स्वतःच चालावं लागतं.

पहिली पायरी: महिनाभर दुधाची वही

कोर्सची फी भरण्याआधी एक वही घाला. रोज सकाळ-संध्याकाळची फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरचं माप) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) संकलन केंद्राच्या पावतीवर मिळतातच. त्याच्या शेजारी तीन गोष्टी स्वतः लिहा: धार काढल्यावर किती वेळात दूध थंड झालं, त्या दिवशी जनावरांनी काय खाल्लं आणि कोणत्या जनावराला कोणतं औषध चालू होतं.

औषधाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कासदाहावर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत दगडीवर, प्रतिजैविकाची ट्यूब कासेत सोडली की त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो. किती दिवस दूध वापरायचं नाही हे औषधाच्या पत्रकावर छापलेलं असतं आणि ते बहुतेकदा कोणी वाचत नाही. असं दूध चीजच्या भांड्यात गेलं की विरजणाचे जिवाणू वाढतच नाहीत, आम्लता चढत नाही, आणि आम्लता चढली नाही तर नको ते जिवाणू मोकळे सुटतात. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर संशयित दूध आणि खात्रीचं दूध दोन भांड्यांत एकाच विरजणाने, एकाच जागी लावा. खात्रीचं लागलं आणि दुसरं पातळ राहिलं तर ते दूध बाजूला ठेवा.

कासदाहाची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कॅलिफोर्निया चाचणीचं द्रावण मिळतं. चार खणांच्या तबकात चारही सडांचं थोडं थोडं दूध घेऊन त्यात ते मिसळायचं. दूध जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडात दाह आहे. ही चाचणी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शिकून घेता येते, आणि माझ्या मते चीजच्या शिक्षणातला हा पहिला तास आहे. दाहाच्या दुधात केसीन, म्हणजे चीज ज्याचं बनतं ते प्रथिन, कमी असतं, म्हणून दही (चीजसाठी गोठवलेलं दूध) मऊ लागतं आणि उतारा, म्हणजे दुधातून मिळणारा माल, घटतो.

चाऱ्याच्या रकान्याचं कारण जरा वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, घरोघरी आला. दुधासाठी तो उत्तमच. पण नीट न दाबलेल्या, माती मिसळलेल्या किंवा बुरशी धरलेल्या मुरघासात क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचे बीजाणू वाढतात. ते शेणातून कासेवर आणि कासेवरून दुधात जातात. पाश्चरीकरणात ते मरत नाहीत. ताज्या चीजला त्याने फारसं बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने मुरवायच्या कठीण चीजमध्ये ते आतून वायू धरतात. गोळा फुगतो, फाटतो, वास मारतो. इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानो आणि स्वित्झर्लंडमधल्या ग्रुयेर या चीजच्या नियमांत गाईंना मुरघास घालायलाच बंदी आहे, ती याचसाठी. कांद्याचा भाव कोसळला की गोठ्यात कांदा पडतो, त्याचा वास दुधात आणि पुढे चीजमध्ये उतरतो. हे नाशिक-नगरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

महिन्याच्या शेवटी जवळच्या प्रयोगशाळेत किंवा डेअरीत दोन चाचण्या करून घ्या. ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१६ टक्क्यांच्या आसपास असावी. मिथिलीन ब्ल्यू चाचणीत निळा रंग पाच तासांहून जास्त टिकला तर दूध उत्तम. दोन तासही टिकत नसेल तर चीज बाजूला ठेवा आणि आधी कॅन, कापड, हात आणि बर्फ यांच्याकडे पाहा.

दुसरी पायरी: स्वयंपाकघरात पाच लिटर

कोर्सला जाण्याआधी दोन गोष्टी घरी करून पाहा, म्हणजे तिथे प्रश्न विचारता येतील.

पहिली पनीर. म्हशीचं पाच लिटर दूध ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, ७० अंशांवर येऊ द्या, आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात केलेलं एक टक्क्याचं सायट्रिक ॲसिडचं द्रावण बारीक धारेने, हळू हलवत घाला. निवळी, म्हणजे सुटणारं पाणी, हिरवट-पिवळी आणि स्वच्छ दिसू लागली की थांबा. दुधाळ दिसत असेल तर आम्ल कमी पडलं. मलमलच्या कापडात गाळून पंधरा-वीस मिनिटं वजनाखाली ठेवा, मग थंडगार पाण्यात दोन तास. म्हशीच्या दुधाचा उतारा वीस टक्क्यांच्या आसपास, गाईच्या दुधाचा त्याहून बराच कमी. आपलं वजन आणि आपली फॅट वहीत लिहा. बाजारातल्या पनीरसाठी ओलावा ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या भागात फॅट किमान ५० टक्के हवी, हा नियम आत्ताच डोक्यात बसवा.

दुसरी गोष्ट रेनेटची, म्हणजे आम्लाशिवाय दूध गोठवणाऱ्या एन्झाइमची. इथे आपल्या घरातली सवय आडवी येते. दूध आलं की आपण उकळतो. उकळलेल्या दुधात निवळीतली प्रथिनं केसीनला चिकटतात आणि रेनेटला काम करू देत नाहीत. दही लिबलिबीत राहतं. पनीरला नेमकं हेच हवं असतं, कारण ती प्रथिनं अडकली की उतारा वाढतो. एकाच दुधाला दोन पदार्थांसाठी उलट वागणूक द्यावी लागते. हा फरक एकदा हातांनी अनुभवला की चीजच्या शास्त्रातलं निम्मं कोडं सुटतं. पिशवीतलं होमोजिनाइज्ड दूध आणि महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं दूधही याच कारणांनी या प्रयोगाला नको.

म्हणून गाईचं पाच लिटर ताजं दूध पाण्याच्या भांड्यात ठेवून ६३ अंशांवर बरोबर तीस मिनिटं धरा आणि लगेच ३२ अंशांपर्यंत थंड करा. चीजचं मेसोफिलिक (मध्यम उबेत वाढणारं) विरजण पाकिटावरच्या प्रमाणात टाका. अर्ध्या-पाऊण तासाने खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळवून घाला. पाच लिटरला एक ग्रॅम ही वरची मर्यादा, त्याहून कमीच बरं. मग सूक्ष्मजीवजन्य रेनेट उकळून थंड केलेल्या पाण्यात मिसळून टाका. मिनिटभर हलवून दूध अगदी स्थिर ठेवा.

आता घड्याळ लावा आणि प्लॅस्टिकची हलकी, स्वच्छ वाटी दुधावर तरंगत ठेवून दर मिनिटाला बोटाने फिरवा. वाटी फिरायची थांबली की ती वेळ लिहा. रेनेट टाकल्यापासून तोपर्यंत गेलेल्या वेळाच्या साधारण तिप्पट वेळ झाला की दही कापायला तयार. खात्रीसाठी सुरी तिरकी घालून उचला: चीर स्वच्छ पडून तिच्यात निवळी भरली तर कापा, दही चिरडल्यासारखं झालं तर थांबा. कापल्यावर पाच मिनिटं विश्रांती, मग अर्धा तास हळूहळू हलवत ३७ अंशांपर्यंत नेणं, गाळणं, साच्यात उलटसुलट करणं आणि शेवटी दोन टक्क्यांच्या आत मीठ.

हेच म्हशीच्या दुधावर करा आणि फरक पाहा. म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम जास्त, त्यामुळे दही लवकर आणि घट्ट लागतं. परदेशी कृतीतली वेळ पाळलीत तर कापायला उशीर होतो आणि चीज कोरडं, ठिसूळ होतं. यूट्यूबवरच्या बहुतेक कृती साडेतीन-चार टक्के फॅटच्या गाईच्या दुधासाठी असतात, हे कोणी मुद्दाम सांगत नाही.

तिसरी पायरी: कुठे शिकायचं

सुरुवात जिल्ह्यातूनच करा. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात किमान एक कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि दूधपट्ट्यातली बारामती, बाभळेश्वर, नारायणगाव ही केंद्रं शेतकऱ्यांना परिचयाची आहेत. सगळीकडे चीज शिकवलं जाईल अशी अपेक्षा नको. पण स्वच्छ दूधनिर्मिती, पनीर, खवा, श्रीखंड यांची प्रशिक्षणं तुलनेने सहज मिळतात आणि ती मराठीत असतात. वीस-पंचवीस जणांचा गट घेऊन गेलात तर तुमच्या विषयावर वेगळं सत्र ठेवण्याची विनंतीही करता येते. गोव्यातल्या वाचकांसाठी जुन्या गोव्यातलं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचं आवार हे विचारपूस करायचं पहिलं ठिकाण.

महाराष्ट्रात खास दुग्धतंत्रज्ञानाची सरकारी महाविद्यालयं मराठवाड्यात आणि विदर्भात आहेत: लातूर जिल्ह्यातलं उदगीर आणि यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळचं वरूड. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभाग आहे. इथे पदवीला प्रवेश घ्यायचा नसला तरी विभागप्रमुखांना पत्र लिहून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांच्या काळात भेट मागा. पत्रासोबत तुमच्या वहीची दोन पानं जोडा. नुसत्या "माहिती हवी" या पत्रापेक्षा अशा पत्राला उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त.

राज्याबाहेरचं मोठं नाव हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचं. संस्था सुरू झाली १९२३ मध्ये बंगळुरात; मुख्यालय १९५५ मध्ये कर्नालला गेलं, पण बंगळुरातलं दक्षिण विभागीय केंद्र आजही आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकरांना ते कितीतरी जवळ पडतं, तरी बरेच जण थेट दिल्लीचं तिकीट काढतात. गुजरातेत आणंदचं शेठ एम. सी. दुग्धशास्त्र महाविद्यालय आहे. म्हशीच्या दुधावर चीज करायचं असेल तर आणंदचा परिसर पाहण्यासारखा, कारण अमूलने म्हशीच्या दुधाचं चीज मोठ्या प्रमाणावर बनवायला तिथूनच सुरुवात केली.

नोकरी-शेती सांभाळून पाया पक्का करायचा असेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची दुग्धतंत्रज्ञान पदविका आहे. अभ्यास जड आहे. घरात बारावी विज्ञान झालेलं कोणी असेल तर त्यांनी करावी आणि बाकीच्यांना शिकवावं, हे जास्त व्यवहार्य. निव्वळ उद्योजकतेचं शिक्षण, म्हणजे हिशेब, कर्जप्रस्ताव, विक्री, हे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासासह मोफत मिळतं.

शेळीच्या चीजचं आकर्षण मोठं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. उस्मानाबादी शेळी मुख्यतः मांसासाठी आणि जुळ्या करडांसाठी पाळली जाते; तिचं दूध करडांना पुरून उरेल तेवढंच. दहा शेळ्यांवर चीजचा धंदा उभा राहत नाही. दुधाळ जातींचा विचार असेल तर फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आणि मथुरेजवळ मखदूमची केंद्रीय शेळी संशोधन संस्था या दोन ठिकाणी आधी पैदाशीबद्दल शिका, चीज नंतर.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी कोणत्याही संस्थेला किंवा खासगी कार्यशाळेला फोनवर हे विचारा: एका भांड्यावर किती शिकाऊ असतील? दूध गाईचं की म्हशीचं, आणि आमचं दूध आणलं तर चालेल का? आम्लता दाखवणारं पीएच मीटर आम्ही हाताळणार की फक्त बघणार? तिथे बनलेलं चीज मुरल्यावर पुन्हा पाहायला मिळेल का? विरजण आणि रेनेट कुठून घ्यायचं ते सांगणार का? एका दिवसात सात प्रकारचं चीज शिकवू म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. सात प्रकार दिसतात, हात मात्र एकाचाही बसत नाही.

चौथी पायरी: छोट्या चीजवाल्यांकडून

संस्था शास्त्र शिकवतात. रोज पहाटे तेच दूध, तीच भांडी, तोच हुकलेला तापमापक सांभाळत विक्रीयोग्य चीज काढणं हे काम करणाऱ्याकडूनच कळतं. भारतात अशी मंडळी आता आहेत. ऑरोविलचं ला फर्म गेली कित्येक दशकं चीज बनवतं. पुण्याला एबीसी फार्म्सचं नाव जुनं आहे. चेन्नईचं केझे चीज बनवण्याबरोबर कार्यशाळाही घेत आलं आहे. मुंबईच्या एलेफ्थेरियाच्या ब्रुनोस्ट या चीजला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्य मिळालं, आणि ब्रुनोस्ट हे मूळचं नॉर्वेतलं चीज निवळी आटवून करतात. आपण गटारात सोडतो त्या निवळीचं.

अशा ठिकाणी "मला शिकवा" म्हणून गेलं तर नकार यायची शक्यता जास्त. उद्याचा स्पर्धक कोण तयार करेल? त्यापेक्षा त्यांचं चीज विकत घ्या, चव वहीत लिहा, आणि काही आठवडे भांडी धुण्यापासूनचं काम करायची तयारी दाखवा. भांडी धुणं हलकं समजू नका. निवळीच्या शिंतोड्यांतून विरजणाचे जिवाणू मारणारे विषाणू पसरतात आणि एक दिवस विरजण अचानक काम करेनासं होतं. धुलाईची शिस्त आणि आलटूनपालटून वेगळी विरजणं वापरणं हाच त्यावरचा इलाज.

आपल्याकडच्या जुन्या चीजकडेही पाहा. सुरतचं टोपली पनीर छोट्या टोपल्यांत घडवून निवळीतच ठेवतात. मुंबईच्या पारशी घरांत ते ओळखीचं आहे. जम्मूतल्या उधमपूरच्या कलाडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बंगालचं बँडेल चीज धुरी देऊनही विकतात. यातली कुठलीच गोष्ट बारा अंशांच्या तळघरावर अवलंबून नाही. पहिलं उत्पादन निवडताना हा धडा चेडरच्या धड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

परदेशी साहित्यात कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने चीजतंत्रावरची सविस्तर शिकवणी संकेतस्थळावर मोफत ठेवली आहे. इंग्रजी सोपं आहे, आणि कोर्स करून आल्यावर वाचली तर दुप्पट कळते.

पाचवी पायरी: कागद, पैसा, आणि मुरवण्याची खोली

अन्नसुरक्षेचं शिक्षण टाळू नका. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा फॉस्टॅक नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम छोट्या उत्पादकांसाठीही असतो. प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर छोट्या उद्योगाला नोंदणी आणि मोठ्याला परवाना काढावा लागतो. घरून विक्री असली तरी नोंदणी लागतेच. कच्च्या दुधाच्या चीजचं युरोपात कौतुक असलं तरी सुरुवातीच्या वर्षांत पाश्चरीकरण सोडू नका. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर स्त्रियांना त्याचा धोका गंभीर असतो.

यंत्रांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान कर्जाशी जोडून मिळतं, आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. २०२० मध्ये सुरू झालेली ही योजना २०२५-२६ पर्यंतची ठरली होती, म्हणून अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्या. अनुदान मिळतंय म्हणून दोनशे लिटरचं भांडं घेऊ नका. वीस लिटरचं रोज भरा, ते अपुरं पडू लागलं की मोठं.

हिशेब सोपा आहे. दूध ३५ रुपये लिटर धरलं तर कठीण चीजच्या एका किलोला दहा लिटर, म्हणजे नुसतं दूध ३५० रुपये. त्यात विरजण, गॅस, मजुरी आणि तीन महिने वीज. ताजं चीज आणि पनीर आठवड्यात पैसे फिरवतात, कठीण चीज पुढच्या हंगामात. पहिलं वर्ष ताज्या मालावर काढावं, असं माझं मत.

मुरवायचंच असेल तर १० ते १३ अंश आणि ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे निसर्गाकडून मिळणार नाही. जुन्या फ्रीजला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडून आत झाकणाचे डबे आणि ओलं कापड ठेवलं की शिकण्यापुरती सोय होते. वीज जाण्याचा रकाना वहीत वाढवा. पहिला गोळा नोव्हेंबर-डिसेंबरात लावा: दूध भरपूर असतं, रात्री थंड असतात, आणि फ्रीज बंद पडला तरी सकाळपर्यंत माल तग धरतो.

आणि निवळी. पाच लिटरच्या प्रयोगात ती कणकेत जाते, पण पन्नास लिटर दुधातून चाळीस लिटरच्या वर निवळी उरते. ओढ्यात सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपवते. ताजी असताना जनावरांना थोडी थोडी सवय लावून पाजता येते. गोड निवळी पुन्हा ८५-९० अंशांपर्यंत तापवून थोडं आम्ल घातलं तर रिकोटा हे मऊ ताजं चीज निघतं. चीजच्या जागेचा आराखडा काढताना निवळीची टाकी कुठे असेल ते आधी ठरवा, भट्टी आणि साचे नंतर.